वाचनालय आधी, ग्रंथपाल मागाहून

रत्नागिरीत वाचनालय आलं १८२८ साली. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघायला अजून चार वर्षं होती. लोकमान्य टिळक याच गावात जन्मले तेव्हा वाचनालय अठ्ठावीस वर्षांचं झालं होतं. राज्यातलं सर्वांत जुनं सार्वजनिक वाचनालय म्हणून रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयाचं नाव घेतात, आणि ते सांगताना आम्हां रत्नागिरीकरांची छाती फुगते. माझीही फुगते. पण पुढची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुस्तकं आली, कपाटं आली, वर्गणीदार आले. ती पुस्तकं नोंदायची कशी, लावायची कशी आणि मागणाऱ्याच्या हातात चटकन द्यायची कशी, हे शिकवणारा वर्ग मुंबई इलाख्यात निघायला मात्र शंभराहून जास्त वर्षं गेली.

मी इतिहासाची अभ्यासक नव्हे. तालुक्यातल्या एका गावाचं ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सगळ्यांत खालच्या वर्गाचं, वाचनालय मी सांभाळलं. गावात मला ‘लायब्रीवाल्या बाई’ म्हणत. ग्रंथपाल म्हणत ते फक्त तपासणीला आलेले साहेब. ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र वर्ग मी केला तो संसार सांभाळून, एसटीनं ये-जा करत. वर्गात शिकवलेलं कामाला पुरलं, पण हे सगळं आलं कुठून ही उत्सुकता काही शमली नाही. मग जे सापडलं ते वाचत गेले. हातात पुस्तकंच होती, दुसरं काय करणार?

तर १८२८. त्या काळी असल्या संस्थांना ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणत. पेशवाई बुडून दहा वर्षं झाली होती. नवी कचेरी, नवी कोर्टं, त्यांत इंग्रज साहेब आणि इंग्रजी शिकू पाहणारे कारकून. मुंबईशी येणंजाणं समुद्रानं. छापील मराठी पुस्तक तर दुर्मीळच. सदाशिव काशीनाथ छत्र्यांचं ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तकं त्याच १८२८ सालची. म्हणजे आपलं वाचनालय आणि आपली मुलांची गोष्टींची पुस्तकं एकाच वयाची. अशा काळात कपाटात मराठी पुस्तकं असून असून किती असणार? जे शोधायचं ते डोळ्यांनी दिसत असे. वर्गीकरणाची गरज पुस्तकं मोजता येईनाशी झाल्यावर पडते, आणि तो दिवस अजून फार लांब होता.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत महाराष्ट्रभर वाचनालयं निघाली. अहमदनगर, नाशिक, पुणे, कोल्हापूर, सोलापूर, आणि आमच्या जिल्ह्यात १८६४ साली चिपळूण. सगळीकडे कारभार साधारण एकच. पुस्तकं कुलूपबंद कपाटात. काचेतून पाठ दिसते, हात लागत नाही. वर्गणीदारानं यादीतून क्रमांक सांगायचा आणि किल्लीवाल्यानं पुस्तक काढून द्यायचं. किल्लीवाला म्हणजे बहुधा कोणीतरी निवृत्त मास्तर किंवा कारकून. प्रामाणिक असला, अक्षर बरं असलं, की झालं. त्याला काही शिकायला हवं असं कोणाच्या मनात आलं नाही, कारण त्याचं काम पुस्तकं देण्यापेक्षा पुस्तकं जाऊ न देण्याचं होतं. हिशोब चोख ठेवणारा तो चांगला. माझ्या वेळेपर्यंत ही वृत्ती पुरती गेली नव्हती. कमिटीवरचे एक काका मला म्हणत, “पोरांना कपाटाशी जाऊ देऊ नको गो, पानं फाडतात.” पोरं पानं फाडत, हे खरं. पण कपाटाशी गेल्याशिवाय ती वाचकही होत नाहीत.

मराठी पुस्तकांचा डोंगर वाढतोय हे आधी ओळखलं ते ठाण्या-मुंबईकडच्या माणसांनी. १८६७च्या कायद्यानं छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली होती, पण नोंद होणं वेगळं आणि पुस्तक वाचायला मिळणं वेगळं. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. पाच वर्षांनी, १८९८ला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. जुन्या ‘नेटिव्ह’ लायब्रऱ्यांत इंग्रजी पुस्तकांचा मान मोठा. इथे मराठी पुस्तक तेवढं गोळा करायचं असा निश्चय. गोळा केलं की यादी लागते, आणि यादी मोठी झाली की तिला शास्त्र लागतं. ते शास्त्र तोवर अमेरिकेत तयार झालं होतं. मेल्विल ड्यूई नावाच्या तरुणानं वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८७६ साली, सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडून त्यांना आकडे दिले, आणि १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांची पहिली शाळा काढली.

ते शास्त्र आपल्याकडे आलं बडोद्याच्या वाटेनं. सयाजीराव महाराज जन्मले नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात, राज्य केलं गुजरातीभाषक प्रजेवर. १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग प्रश्न आला की शाळा सुटल्यावर वाचणार काय? शिकलेलं पोर चार वर्षं वाचलं नाही तर अक्षर विसरतं. महाराज अमेरिकेत गेले होते, तिथली गावोगावची मोफत वाचनालयं त्यांनी पाहिली होती. १९१०मध्ये त्यांनी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम अलॅन्सन बॉर्डेन यांना बोलावून घेतलं. बॉर्डेन तीन वर्षं राहिले. तेवढ्यात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, खेड्यांकडे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या, स्वतःची एक वर्गीकरण पद्धत बसवली आणि १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातला हा पहिला वर्ग. लाहोरला आसा डॉन डिकिन्सन यांनी पंजाब विद्यापीठात वर्ग काढला तो चार वर्षांनी, १९१५ला. शाळा म्हणून लाहोरचं नाव पुढे मोठं झालं. पण गावच्या वाचनालयात बसणाऱ्या माणसालाही शिकवायचं, ही कल्पना बडोद्याची.

मला यात दोन गोष्टी विशेष वाटतात. १९१२पासून बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक निघू लागलं ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. म्हणजे ग्रंथालय कसं चालवावं यावर मराठीतून लिहिणं शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. दुसरी गोष्ट आमच्या मुलखाची. बॉर्डेन परत गेल्यावर बडोद्याचं हे खातं चालवणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर होते. १९१९ साली त्यांनी बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. कुडाळ तेव्हा रत्नागिरीच्या बाजूलाच, सावंतवाडी संस्थानात. आडनाव ऐकून आम्हां कोकणातल्यांना आपलं माणूस वाटावं, यात नवल नाही. बडोद्याला हे चालू असताना रत्नागिरीत, चिपळुणात, राजापुरात मात्र कपाटाची किल्ली आणि वर्गणीची वही, एवढ्यावरच गाडं चालू होतं. संस्थानिकाच्या मनात आलं की होत असे. इंग्रजी अंमलाखाली लोकांनी आपल्या वर्गणीतून काय ते करावं.

पुढचं नाव शियाळी रामामृत रंगनाथन. गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले ते फारसे मनापासून नव्हे. नुसतं बसून राहायचं काम आहे, मला परत शिकवायला पाठवा, असं म्हणत होते. विद्यापीठानं त्यांना लंडनला शिकायला धाडलं आणि तिथे सगळं पालटलं. सेल्फ्रिजच्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू, जोडाल तशी वस्तू तयार. ड्यूईनं प्रत्येक विषयाला आयता आकडा देऊन ठेवला होता. रंगनाथन यांनी ठरवलं की विषयाचे तुकडे करायचे, तुकड्यांना चिन्हं द्यायची आणि लागतील तसे ते जोडायचे. मधली जोडणी द्विबिंदूनं. १९३३ची ही कोलन पद्धत. त्याआधी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. आमच्या वर्गात ती पहिल्याच आठवड्यात पाठ करायला लावली होती. मला त्यांतलं पहिलं आणि चौथं सगळ्यांत जवळचं. पुस्तक वापरण्यासाठी असतं, आणि वाचकाचा वेळ खाऊ नये. कुलूपबंद कपाटवाल्यांना ही दोन सूत्रं घरी लिहून द्यावीत असं मला फार वाटे.

कायद्याच्या बाबतीतही संस्थानच पुढे. देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूरचा, १९४५ सालचा. मद्रासचा १९४८चा. मुंबई इलाख्यात १९३९ साली सरकारनं असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. मध्यवर्ती ग्रंथालय, विभागीय, जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव, अशी उतरंड समितीनं आखली. पैसा नाही म्हणून ती काही वर्षं पडून राहिली. स्वातंत्र्याच्या सुमारास अंमल सुरू झाला तेव्हा नवी सरकारी ग्रंथालयं बांधण्याऐवजी असलेल्या लोकवर्गणीच्या ग्रंथालयांनाच मान्यता देऊन अनुदान द्यायचं ठरलं. आज महाराष्ट्रात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि बहुतेक सगळी संस्थांची, कमिट्यांची आहेत. त्याचं मूळ इथे आहे. मद्रासनं घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला. आमच्या १९६७च्या कायद्यात, जो १ मे १९६८पासून लागू झाला, कर नाही. सरकार देईल ते अनुदान आणि गाव देईल ती देणगी. माझ्या मते ही मोठी चूक झाली. कर असता तर वाचनालय गावाच्या हक्काचं झालं असतं. अनुदानामुळे ते कायम हात पसरून उभं राहिलं.

पण त्याच कायद्यानं एक चांगलं केलं. अनुदानाच्या नियमांत ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि वरच्या वर्गांना शिकलेला ग्रंथपाल हवा असं ठरलं. पदवी-पदविका विद्यापीठांत होत्याच. मुंबईला ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण १९४०नंतरच्या काही वर्षांत सुरू झालं होतं. पण खेड्यातल्या मॅट्रिक झालेल्या माणसाला मुंबईला जाऊन शिकणं कुठलं परवडायला? त्याच्यासाठी मराठीतून, काही महिन्यांचा, जिल्ह्याच्या गावी भरणारा प्रमाणपत्र वर्ग. कृ. मु. उजळंबकरांचं ‘सुलभ ग्रंथालयशास्त्र’ असल्या विद्यार्थ्यांच्या हातातलं पुस्तक. १८२८ला पेरलेलं असं इतक्या उशिरा रुजलं.

वर्गात पहिला धडा दाखल नोंदवहीचा. पुस्तक आलं की आधी त्याला दाखल क्रमांक. मग तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, साल, पानं, किंमत, कोणाकडून आलं, आणि शेवटी शेरा. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही द्यायचा नाही, पहिलं हरवलं तरी. खाडाखोड करायची नाही; चुकलं तर लाल शाईनं रेघ आणि बाजूला सही. नंतर शिक्का. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर एक, शेवटी एक, आणि एक ठरलेल्या गुप्त पानावर. चोरानं पहिलं पान फाडलं तरी गुप्त पान बोलतं. आमचा गुप्त पानाचा आकडा मी आजही सांगणार नाही.

वर्गीकरणात आम्हाला ड्यूई शिकवला. गंमत वाटायची. फळबागा ६३४मध्ये, म्हणजे हापूसची सोय झाली, मासेमारी ६३९मध्ये. मराठी साहित्य ८९१.४६. एवढा लांब आकडा कशाला, तर ड्यूईनं इंग्रजीला अख्खं ८२० दिलं आणि आम्हाला ‘इतर भाषा’ म्हणून दशांश चिन्हापलीकडे बसवलं. धर्माचं तर विचारूच नका. २०० ते २८९ जवळजवळ सगळं ख्रिस्ती धर्माचं, आणि हिंदू, बौद्ध, मुसलमान, पारशी मिळून उरलेल्या २९०त. ज्या वाचनालयात निम्मं कपाट गाथा, पोथ्या आणि ज्ञानेश्वरीचं, तिथे हे चालणार कसं? म्हणून गावोगावच्या वाचनालयांनी साधा तोडगा काढला. कादंबरीला क, नाटकाला ना, चरित्राला च, पुढे अनुक्रमांक. शास्त्राला हे पुरेसं वाटणार नाही. वाचकाला मात्र पुरतं, आणि चौथं सूत्र त्याचंच आहे.

सगळ्यांत खरा कस लागे तो तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या कार्डांच्या यादीत. पाच इंच बाय तीन इंचाचं कार्ड, खाली भोक, त्यातून ओवलेली दांडी. कार्डावर आधी आडनाव. इथपर्यंत ठीक. पण तुकाराम? त्यांना कोणी ‘मोरे’मध्ये शोधत नाही. लोकहितवादी की देशमुख, गोपाळ हरी? आणि आमच्या मालगुंडचे केशवसुत? कृष्णाजी केशव दामले म्हटलं तर निम्म्या गावाला कोण ते कळणार नाही. अशा वेळी दोन कार्डं करायची. एकावर पूर्ण नोंद, दुसऱ्यावर ‘पाहा : केशवसुत’. १९९४ साली मालगुंडला केशवसुतांचं स्मारक झालं, तेव्हा तिथलं ग्रंथालय पाहताना मी आधी हेच पाहिलं की कार्ड कुठल्या नावाखाली आहे. मग वर्णक्रम. ‘ज्ञानेश्वर’ ‘ज’च्या पोटात की ‘ह’च्या पुढे? ‘क्ष’ ‘क’मध्ये की शेवटी? कोशकार मोल्सवर्थनं एक केलं, शाळेतल्या बाराखडीनं दुसरं. कुठलंही घ्या, पण सगळ्या खणांत तेच ठेवा. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७मधल्या मराठी पुस्तकांची सूची एकहाती केली, नंतर १९५०पर्यंतची दुसरी. त्यांना हे हजारो वेळा ठरवावं लागलं असणार. त्या सूचीचे खंड मी पहिल्यांदा उघडले तेव्हा मनात आधी हाच विचार आला.

एक गोष्ट पुस्तकात नव्हती. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढात कपाट उघडलं की दमट वास, पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी. कसर खळ खाते, वाळवी सगळंच खाते. कपाट भिंतीपासून हातभर दूर ठेवायचं, खालचा खण रिकामा सोडायचा, डांबरगोळ्या, वेखंडाच्या पुरचुंड्या, आणि भाद्रपदात ऊन पडलं की पुस्तकं हवेशीर पडवीत मांडायची. उन्हात नाही, सावलीत. बांधणीला दिलेली पुस्तकं परत येत ती सगळी एकसारख्या लाल पाठीची. मग आमचे एक जुने वाचक येऊन विचारत, “बाई, ते निळ्या पुठ्ठ्याचं नाटक खंय गेलं?” तेव्हा कार्डच कामाला येई.

नोंदवहीचं मोल चिपळूणनं दाखवलं. १८६४चं वाचनालय, आज लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. २०१३ला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवणारी संस्था हीच. २६ जुलै २००५ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं, आणि २२ जुलै २०२१ला पुन्हा, आधीपेक्षा भयंकर. दोन्ही वेळा पुस्तकांचा चिखल झाला. भिजलेलं पुस्तक वाचवता येतं, पण फार थोडा वेळ मिळतो. उघडायची घाई करायची नाही, पानांत टिपकागद घालायचा, पंख्याखाली वाळवायचं. गुळगुळीत कागदाची पानं चिकटली की संपलं. जे संपलं ते काय होतं हे सांगायला मात्र नोंदवही लागते. पंचनाम्याला तीच, नव्यानं पुस्तकं मागवायला तीच, देणगीदाराला “आमच्याकडे हे होतं, ते द्या” म्हणून सांगायला तीच. नोंदवहीही त्याच कपाटाच्या खालच्या खणात असेल, तर शतकभराच्या संग्रहाचं नावही उरत नाही.

आता संगणक आले. केंद्र सरकारच्या एनआयसीनं केलेली ‘ई-ग्रंथालय’ ही संगणकप्रणाली पुष्कळ ठिकाणी आहे. कार्डाच्या दांड्या गंजल्या. पण पडद्यावरही रकाने तेच आहेत, आणि केशवसुत कुठल्या नावाखाली टाकायचे हे यंत्र विचारतं, सांगत नाही. २०२२ साली सरकारनं अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं, चांगलं झालं. तरीही ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाचं मानधन सांगायची लाज वाटावी असंच आहे, म्हणून हुशार मुलं या कामाकडे फिरकत नाहीत.

म्हणून गावच्या कमिट्यांना माझी विनंती आहे. पुढच्या प्रमाणपत्र वर्गाचे अर्ज निघतील तेव्हा गावातली एक मुलगी किंवा मुलगा निवडा, फी वाचनालयानं भरा, एसटीचा पास काढून द्या. शिकून आल्यावर कपाटांची कुलपं तिच्या हाती द्या आणि ती उघडी ठेवली तर रागावू नका. आणि पावसाआधी दाखल नोंदवहीच्या पानांचे फोटो काढून ते गावाबाहेर राहणाऱ्या दोन सभासदांकडे पाठवून ठेवा. यंदाच.